गुंगीत विचारू नका

—नाही हो, भीतीचा काही संबंध नाही. मागच्या बुधवारी डॉक्टर मॅडमच्या बोटाले चावलो, ते काही भीतीनं नाही. जबडा आपोआप मिटला. तेव्हापासून मॅडम म्हणते, काका, आता शिरेतून गुंगीचं औषध देऊ, दाढ सुखानं निघेल. तुमची बी दाढच आहे ना? मग ऐका. पूर्ण झोप लागत नाही म्हणे— सांगितलं की तोंड उघडाल, विचारलं की उत्तर द्याल, अन् नंतर काहीच आठवणार नाही. आता उत्तर काऊन? दाढ काढायले उत्तरं कायले लागतात? पंचायत समितीत सारी नोकरी कारकुनीत गेली माझी, सही करून काहीच न आठवणारे साहेब ढिगानं पाहिले— त्यायले कोणी सुई टोचत नव्हतं!

अन् वरतून अट, सोबत घरचं माणूस पाहिजेच. झालं! फोन ठेवत नाही तोच सूनबाई पुण्याहून खामगावात हजर. गार्गी नाव तिचं. एवढी घाई कायची? शंका येईलच ना माणसाले. दिवाळीपासून ती अन् आमचा शंतनु एकच धोशा लावून राह्यले— बाबा, घर बंद करा, आमच्याकडे चला. मी म्हणतो, मी ठणठणीत आहो. आता आत गुंगीत तिनं विचारलं, बाबा, खरंच नीट राहता का एकटे— तर? तोंड तर उघडंच असणार! अन् निघून गेलं भसकन, की न्हाणीत दोनदा पडलो, दुसऱ्यांदा तर शेजारचा निवृत्ती भिंतीवरून उडी मारून आला तेव्हा उठलो... की संध्याकाळी टीव्ही मोठ्यानं लावतो, पाहत काहीच नाही, नुसतं कोणीतरी बोलतं पाहिजे घरात... मग संपलंच! बांधा सामान. म्हणून शुद्धीत आहो तोवर तोंडाले कुलूप. तिले बी मुद्दाम खाली औषधाच्या दुकानात धाडलं, म्हटलं, गोळ्या घे, घाई करू नको, सावकाश—

तुम्ही माझ्या मागं काय पाहून राह्यले?

...

गार्गी. केव्हा आली तू?

...

बरं, बरं. रडू नको, लोक पाहून राह्यले.— अहो, सरका ना थोडे. बसू द्या तिले.