मीठ बघून जा

—न्हाई गं, ते एअर फ्रायरचं यंत्र बिघडलं न्हाई, दुसरा घाणा झ्याक चाललाय, घुर्रर्र आवाज येतोय न्हवं? मी तुजं दार वाजवलं ते दुसऱ्याच कामाला. ये की आत, उंबऱ्यात काय उभी ऱ्हातीस! तू जुईलीच न्हवं? राजी सांगून गेली — आई, काय अडलं तर समोरच्या जुईलीला हाक मार, ती घरी बसूनच हापिस करती. मी राजनंदिनीची आई, चिमाबाई. आमी भरे गावचं. सकाळच्या गाडीनं तूप घिऊन आले, तर मी आत आन् ही दोगं नवराबायको बाहेर. संध्याकाळी चांदणी चौकात अडकत अडकत यायची, आन् आल्यावर परत रांधायचं का राजीनं? म्हनलं आपनच करून ठिवावं.

फ्रीज उघडला तर वरच्या कप्प्यात कोंबडीचं पाकीट. बाई, दगुड! ओट्यावर आपटलं तर ओट्यालाच लागलं आसंल. राजीला फोन केला, तर मीटिंगमधी बसून बारीक आवाजात म्हंती, आई, भिजवत बसू नको, तशीच टाक एअर फ्रायरमधी. तशीच? बर्फासकट? व्हय म्हंती. आता आमच्याकडं कोंबडी म्हंजी सकाळी अंगनात फिरती आन् दुपारी चुलीवर — बर्फ कुटनं यायचा मधी? मी आपली सवयीनं त्या दगडालाच मसाला चोळला, तर सगळा घसरून खाली, कोंबडी गोरीच्या गोरी! मंग डोकं चालवलं. आदी नुसतीच ठिवली आत, बर्फ सुटस्तवर. काढली, पाणी पुसलं, त्याल लावलं, आन् मंग मसाला — असा बसला म्हनतीस! परत टाकली, मधी एकदा उलथली. जाड तुकडा सुरीनं चिरून बघितला, आत कुटं गुलाबी न्हाई. पर पाकिटात नुसती छातीच गं! तंगडी न्हाई, काळीज न्हाई. आमच्यात तंगडी जावयाची, काळीज म्हाताऱ्याचं, ऱ्हायलेलं पोरांनी भांडून खायचं. आता शैलेशरावांला मानाचं काय वाढू? सगळ्यांला छाती! भांडनच मिटवलंय मेल्यांनी. — हस, हस.

तर तुज्याकडं काम आसं, जरा चव बघ. शिजलंय ते सुरीनं कळतं, मीठ काय डोळ्यानं दिसतंय व्हय? आन् राजीचं मीठ बी कसलं, गुलाबी! किती टाकावं, अंदाजच येईना. घे, हा कोपरा घे — काय? गुरुवार? अगं बाई, गुरुवार करतीस व्हय तू! बरं, ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, पाप नको माज्या डोक्यावर. खालच्या वाचमनला इचारलं तर तो म्हंतो, मावशी, मी शाकाहारी. एवढी मोठी बिल्डिंग, आन् मीठ बघायला मानूस न्हाई! — मीच का बघत न्हाई? आता ह्ये बी तुला म्हाईत न्हाई व्हय? लेकीच्या घरचं खायचं न्हाई आयबापानं. नातवंड होईस्तवर न्हाई. पाणी बी न्हाई. म्हनून तर मी माजी भाकरी न् पाण्याची बाटली घिऊन येते, आन् खाली पार्किंगमधी शैलेशरावांच्या गाडीमागं बसून खाते. वाचमन खुर्ची देतो बिचारा. माजी आय बी आशीच. माज्याकडं आली की दारातल्या लिंबाखाली बसून फडक्यातली भाकरी सोडायची. राजी झाली तवा पयल्यांदा माज्या हातचं जेवली, आन् जेवली म्हंजी काय, उठता उठंना! हात धुताना म्हंती, चिमे, मीठ जरा कमीच टाकतीस गं तू. इतकी वर्सं नुसत्या वासावर लेकीचं रांधणं बघितलेलं तिनं.

मला बी वाटायचं, आज ना उद्या आपल्याला बी पाट मांडत्याल. आन् आज सकाळी ही बूट घालता घालता काय बोलली — जाऊ दे, तुला कशाला सांगू. तुला बोललीया का ती काय? न्हाई? मंग ऱ्हाऊ दे. घरातली गोष्ट हाय. — म्हंती, आई, आम्हाला मूल नकोय. दोघांनी ठरवलंय, कायमचं. आन् वर म्हंती, मग तू काय जन्मभर माझ्या पार्किंगमधेच जेवणार का? आन् गेली लिफ्टनं. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नातवंडाचं वाटलं ते वाटलंच, एका दिवसात जातंय व्हय ते? पर खरं सांगू, त्या पार्किंगचंच जास्ती लागलं. मला वाटायचं गाडीमागं बसलं की कुणाला दिसत न्हाई. वरच्या खिडकीतनं बघत आसंल का गं ती मला, भाकरी खाताना?

आता रीत म्हंती नातवंड झाल्यावर खावं. आन् होनारच नसंल तर? तर काय, ते रीतीनं सांगितलंच न्हाई! माज्या आयला तसं इचारायची येळच आली न्हाई कुणावर. आमचं मालक बोलत्याल मला. बोलू देत. त्यांला बी आनते पुढच्या बुधवारी — बुधवारी म्हंजी तुला बी खाता यील. आन् मीठ तर कुणीतरी बघायलाच पायजे का न्हाई? बिनमिठाचं वाढू व्हय जावयाला? दे हिकडं ती ताटली. सरक जरा. देवा, माफ कर रं बाबा, कोपराच घेते. — हं. — हं! अगं, कमीच हाय की मीठ! आय बरोबर बोलत व्हती! थांब, अजून एक बघते, त्यो तुकडा निराळा दिसतोय. — लिफ्ट वाजली का? आज लौकर कशी आली ही? जा तू आता, पळ, तुजं हापिस खोळंबलंय. — दार? न्हाई, न्हाई, लोटू नको. उघडंच ऱ्हाऊ दे, दिसू दे तिला. आन् जाता जाता तिनं काय इचारलं तर तूच सांग, मला आता बोलाया लावू नको — तोंडात घास हाय.