रुमालात सापडलेला रस्ता

माझं नाव सुभद्रा. माहेर अंबडकडचं, सासर आष्टीकडचं, दोन्हीकडं मूळ धंदा मेंढरांचा. बाप मेंढरं घेऊन फिरायचा अन् मी त्याच्या मागं, म्हणून शाळा चौथीपर्यंतच झाली, ती बी तीन गावांत मिळून चौथी. पण वाचायची खोड लागली ती लागलीच. किराण्याची पुडी सोडली की आधी कागद वाचायचा अन् मंग साखर डब्यात टाकायची, सासूबाई म्हणायच्या, ही बया साखर बी वाचूनच खाती.

सासऱ्यानं मेंढरं विकून ओढ्याकाठी शेत घेतलं, तिथंच आमची वस्ती, सात घरं, सगळी भावकी. मालक जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहेत, आठ दिवसाला येतात, मंग इथलं शेत अन् तीन म्हशी मीच बघते. वस्तीवरून डांबरी सडक काही लांब न्हाई, हाक मारली तर ऐकू जाईल. पण जायचं कसं, काय सांगू तुम्हाला. मधी बापूराव अण्णांचं शेत. माणूस वाईट न्हाई, खोटं कशाला बोलू, पण त्यांनी मोसंबी लावली, तिच्या दोन ओळी आमच्या गाडीवाटंवर आल्या, अन् भोवती तार वढली. सासरे जिते होते तव्हा म्हणायचे, मी शेत घेतलं तव्हा बैलगाडी थेट दारात आल्ती. अण्णा म्हणायचे, आली असंल, माझ्या बापाची मेहेरबानी म्हणून आली असंल, रस्ता म्हणून कागदावर हाय का कुठं? असंल तर दाखव. अन् कागद कुणाजवळ असतोय हो?

मंग ऱ्हायला ओढा. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात कंबरंएवढं पाणी अन् काठाला काळा गाळ. माझी थोरली कांता, आठवीला आष्टीच्या शाळंत जायची, पिशवीत दुसरे कपडे घेऊन, ओढा उतरून सडकेला गेली की झाडाआड कपडे बदलायची. एक दिवस पाय घसरला, पोरीला धुणं धुणाऱ्या बाईनं धरलं, पण दप्तर वाहून गेलं. त्या दिवसापासून मालक म्हणले बस. कांताची शाळा त्या ओढ्यात गेली बघा. अन् आता धाकटी यमुना सातवीला आल्ती, गावात सातवीच्या पुढं शाळा न्हाई. मी मनात धरलं की जूनच्या आत रस्ता पाहिजे, न्हाई तर ही बी घरी बसणार.

तहसीलला उत्पन्नाचा दाखला काढायला गेल्ते, लाईन मोठी होती, मंग काय, भिंतीवरच्या पाट्या वाचत बसले. एका पाटीवर लिहिलेलं, माहितीचा अधिकार, कोणत्या साहेबाकडं अर्ज करायचा, किती दिवसांत उत्तर. मी दोनदा वाचली. घरी येऊन अर्ज लिहिला, मायबाप साहेब म्हणून सुरुवात केली अन् दोन पानं पाठपोट, कांताचं दप्तर कसं वाहिलं, आमच्या वस्तीला रस्ता का न्हाई, अण्णाला तार वढायला कोणी सांगितलं, तुमच्या लेकरावर अशी वेळ आली असती तर तुम्ही काय केलं असतं. वर दहा रुपयांचं तिकीट लावलं. महिन्याभरानं एका ओळीचं उत्तर आलं, की ही माहिती नव्हं, प्रश्न हायेत, देता येत न्हाई. मी तो कागद घेऊन हापिसाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्या काकाकडं गेले. त्यानं माझी दोन पानं वाचली, चष्मा काढला, अन् हसला. म्हणला, बाई, रडू आलं मला, पण तुम्ही इथं न्याय मागून राह्यला, ह्या कायद्यात कागद मिळतो. का, कशामुळं, कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारायचं न्हाई. हापिसात जे हाय त्याची नक्कल द्या, एवढंच लिवा. मी म्हणले, मंग न्याय कुठं मिळतो? म्हणला, त्याची खिडकी वेगळी, पण कागद हातात असला की ती खिडकी उघडती.

दुसरा अर्ज चार ओळींचा. जमिनीचे नकाशे ठेवतात त्या हापिसाला, आमच्या गावचा जुन्यात जुना नकाशा, ज्यात रस्ते दाखवलेत, त्याची नक्कल द्यावी. उत्तर आलं, अभिलेख आढळून येत न्हाई. आढळत न्हाई म्हणजे न्हाईच का? त्या काकालाच विचारलं. म्हणला, तुम्हाला स्वतः जाऊन पाहायचा हक्क हाय, तसा अर्ज करा. केला. तारीख मिळाली.

तिथला कारकून बिचारा भला माणूस, त्यानं खोलीतून लाल रुमालात बांधलेले गठ्ठे आणून माझ्यासमोर ठेवले, रुमाल म्हणजे जुने कागद ज्या फडक्यात बांधतात ते. झटकला तर शेजारच्या साहेबाला शिंका. म्हणला, बाई, हे सगळं निजामाच्या टायमाचं, उर्दूत हाय, तुम्हाला उर्दू येतं का? मी म्हणले, न्हाई येत. म्हणला, मंग काय बघता? मी म्हणले, बघू तर द्या. आमच्या गावच्या रुमालात खरंच नकाशा नव्हता. मंग मी म्हणले, शेजारच्या गावचा रुमाल द्या, बांधताना कागद इकडचा तिकडं झाला असंल. तो म्हणला, तुम्ही मागितलंय तुमच्या गावचं. मी म्हणले, भाऊ, तुम्ही चहा पिऊन या, मी इथंच हाय. हसला, अन् दिला सोडून.

तिसरा का चौथा कागद उलगडला अन् माझ्या अंगावर काटा आला. अक्षर एक बी वाचता येईना, पण ओढा! आमचा ओढा इळ्यासारखा वळतो अन् वळणावर दोन फाटे होऊन परत एक होतात, असा ओढा ह्या भागात दुसरा न्हाई, मी नव्यानं आले तव्हा त्याच काठानं सासऱ्याच्या ऱ्हायलेल्या दहाबारा मेंढरांमागं दोन वर्षं फिरले. मी बोट ठेवलं, ही अण्णाची विहीर, हा म्हसोबा, अन् हे बघा, सडकेवरून निघालेल्या ह्या दोन तुटक तुटक रेघा. कारकून उभाच ऱ्हायला. म्हणला, बाई, तुमचं गाव दुसऱ्या गावाच्या रुमालात झोपलं होतं की. मंग त्यानंच जल्दी शिक्क्याची नक्कल काढून दिली.

जुन्या जालन्यात शेख सर म्हणून उर्दू शाळेतले रिटायर मास्तर, मालकांच्या ओळखीतले, त्यांच्याकडं मी अन् मालक नक्कल घेऊन गेलो. सरांनी भिंग घेतलं, वाचत गेले, बैलगाडी का आम रास्ता, मुबारक हो बाई, रस्ता बराबर हाय. मला तर नाचावं वाटलं. मंग बोट पुढं नेत नेत सर थांबले. म्हणले, लेकिन हा मोसंबीवाल्याच्या शेतातून निघून ओढ्याच्या अलीकडून तुमच्या वस्तीला जातो, इथं कोणाची जमीन हाय? मी बघितलं. तिथं आमचा गोठा. सासऱ्यानं हातानं बांधलेला, दगडाचा, तीन म्हशी अन् कडब्याची जागा. सरकारी रस्त्याच्या बरोबर मधोमध.

घरी आल्यावर सासूबाईंनी ऐकलं अन् म्हणल्या, तू कागद आणला का कुऱ्हाड आणली गं? मालक म्हणले, सुभद्रा, हे उर्दू गावात कोणाला वाचता येत न्हाई. घडी घाल अन् पेटीत ठेव, काही सापडलं न्हाई म्हणून सांग. खरं सांगते, दोन दिवस तो कागद पेटीतच होता. मी म्हशीला पाणी पाजायची अन् गोठ्याच्या भिंतीकडं बघायची. तिसऱ्या दिवशी यमुना सातवीचा शेवटचा पेपर देऊन आली अन् म्हणली, आई, आष्टीला नाव घालायचं का न्हाई ते आजच सांग, म्हणजे मी आस लावून बसणार न्हाई. बारा-तेरा वर्षांची पोर, रडत बी नव्हती, बाजार करताना भाव विचारावा तसं विचारलं. मी पेटी उघडली.

सासूबाईंच्या पाया पडले. म्हणले, आत्याबाई, कागद अण्णाला लागू अन् आपल्याला न्हाई, असं होत न्हाई. म्हातारी म्हणाली, त्यांनी गोठा बांधला तव्हा मी चिखल तुडवला होता, आता पहिला दगड मीच काढते. अन् काढला हो, बिलकुल काढला! मंग मालकांनी सुट्टी टाकली, भावकी जमली, चार दिवसांत गोठा जमिनीला. म्हशी बाभळीखाली बांधल्या.

तोवर अण्णा तारेच्या पलीकडून बघत होते. तहसीलला मी नक्कल जोडून रस्त्याचा अर्ज दिला होता, मोजणीवाले आले, चुन्याची फक्की टाकत टाकत मोसंबीपाशी थांबले, साहेब म्हणले, अण्णा, तुमचं काय म्हणणं? सगळं गाव गोळा झाल्तं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मोकळ्या जागेकडं बघितलं, अन् म्हणले, काय म्हणणं असणार साहेब, हिनं स्वतःचा गोठा पाडून ठेवला, आता मी दोन ओळी मोसंबी धरून बसलो तर उद्या पारावर कोण बसू देईल मला? फळ तेवढं उतरवून घेऊ द्या. आठ दिवसांत फळ उतरलं, झाडं निघाली, तार मागं सरकली. मुरूम पडला तो बी वस्तीच्याच हातानं, बायांनी घमेली वाहिली, मी सगळ्यात पुढं. शाळा सुरू व्हायला तीन दिवस होते तव्हा पहिला टेम्पो वस्तीवर आला, अन् सासूबाईंनी टेम्पोवाल्याला ओवाळलं, तो लाजला बिचारा, म्हणला, आजी, मी तर पेंड घेऊन आलोय.

यमुना आता नववीला हाय, सायकलवर जाते, दप्तर कोरडं. कांतानं बी सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून दहावीला बसली. नवा गोठा पत्र्याचा झाला, सासूबाई त्याला नावं ठेवतात, ठेवू द्या. अन् मी आता आसपासच्या वस्त्यांवर अर्जवाली बाई. माझं नाव सुद्धा घेत न्हाईत लोक, अर्जवालीला बोलवा म्हणतात, मला काही वाईट वाटत न्हाई, उलट छाती फुगती.

परवा बापूराव अण्णा आल्ते, त्याच रस्त्यानं, मोटारसायकलवर. चहा घेतला. म्हणले, सुभद्रा, माझ्या विहिरीचा जुना कागद सापडत न्हाई, भाऊबंद म्हणतात विहीर सामायिक हाय, मी म्हणतो माझी, तेवढा अर्ज लिहून देतीस का? मी कागद-पेन घेऊन बसले. म्हणले, अण्णा, लिहिते, आनंदानं लिहिते, पण जे निघंल ते घ्यावं लागंल बघा. अण्णांनी कप खाली ठेवला, जरा विचार केला, अन् म्हणले, लिव. देव त्यांचं भलं करो, अन् तुमचं बी.