आमच्या हडळीचा आवाज

...आन ते फोनवरचं पोरगं मला म्हणतंय, "सर, आम्ही आवाज स्वच्छ केला आहे!" स्वच्छ? आवाज म्हंजे काय तांब्याचा हंडा हाय व्हय, चिंच लावून घासायला? मी म्हटलं, "बाबा, तू तितं मुंबईत बसून घासलास, आन हितं माझी बायको पुसून गेली की रं!" तर ते हळूच म्हणतंय, "सर, आपण जरा शांतपणे बोलाल का?" आता तुमास्नी सांगतो पावणं, कोल्हापुरात ह्यालाच शांत म्हणत्यात! भांडाय लागलो असतो तर फोन लावायची गरजच पडली नसती, तसंच ऐकू गेलं असतं मुंबईला... ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

बसा, बसा. हे उभ्या-उभ्या ऐकायचं काम न्हवं.

'हडळीचं बारसं' बगितलाय का न्हाय? न्हाय?? मग आयुष्यात केलं काय तुमी? आदी 'हडळीचं लगीन' आलता, त्यो बरा चालला, म्हणून निर्मात्यानं दुसरा भाग काढला. पयल्यात लगीन झालं, मग दुसऱ्यात काय? बारसं! डोकं बगा की माणसाचं. थेटरात आठवडाभर बी टिकला न्हाय. भुताला बगून लोक हसायचे आन विनोदाला घाबरायचे, असा पिच्चर! खरं मागनं त्याच्या सीड्या निघाल्या, वऱ्हाडाच्या गाड्यांत लागाय लागला, आन काय झालं कुणास ठाऊक, पोरं खुळी झाली. आता टी-शर्ट निघालेत त्याचे! आन कशामुळं? एका डायलॉगमुळं. आन त्यो डायलॉग मारणारी हडळ कोण? आमची ही! राजमती! माझी बायको, कायद्यानं, बस्तीत, आमच्या जैन देवळात, अक्षता पडलेली!

हसू नका. खरं सांगतोय.

तवा आमचं नुकतंच लगीन झालतं. हिचे केस गुडघ्यापत्तूर. माझा दोस्त गुंडू शूटिंगला माणसं पुरवायचा, त्यो आला पळत, "धनपाल, वहिनींस्नी घिऊन गगनबावड्याला चल, हिरोईनीचा केसांचा टोप पावसात भिजून पार मेलेल्या मांजरागत दिसाय लागलाय, फकस्त पाठमोरी हुबी ऱ्हायची, केस दावायचे, बास!" आता आमच्या हिची तऱ्हा सांगतो, कॅमेरा दिसला की पदर तोंडावर आन तोंडाला कुलूप. लग्नाच्या अल्बमात नवरी कुठली ते अंदाजानं वळखाय लागतंय! आन तितं गेल्यावर कळलं, वळून ओरडायचं बी हाय! मग डायरेक्टरनं शक्कल काढली. म्हणला, "वहिनी, ही नुसती तालीम हाय." आन कॅमेरा गुपचूप चालू!

सीन काय, तर चिंचंखाली हडळ हुबी, तिकडनं म्हातारा इनामदार येणार, हडळ गर्रकन वळणार आन किंचाळणार, "तुझं नरडं फोडतीया!" आन इनामदार गार. इनामदार झालते कोडोलीचे बाळासो, जुनं नाटकातलं माणूस, काठीगत वाळलेलं, धुक्यात कुडकुडाय लागलेलं. आमी जैन, बरं का. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं हून ताटं धुऊन पालथी. लहानपणापासनं हिच्या हाडात बसलंय ते, दिवस कलला की समोर दिसंल त्याच्या पोटाची काळजी. ही वळली, केस तोंडावर, बगितलं तर दिवस डोंगराला टेकलेला आन समोर उपाशी म्हातारं! नरडं-बिरडं इसरली, आन बोलली...

"अवो मामा, दिवस मावळाय लागलाय, जेवलासा का?"

आन म्हातारं बी आपल्याच भागातलं की वो! ते मरायचं इसरलं. म्हणतंय, "न्हाय गं बाई, कुठलं जेवण, हे लोक सोडंनात!" तशी ही म्हणती, "मग जेवा की आदी. मरायचं मागनं बगू!"

अख्खं युनिट चिखलात गडाबडा लोळलं. डायरेक्टर म्हणला हेच ठेवायचं, आन डबिंगला पैसा कुणाकडं हुता, म्हणून आवाज बी तितलाच ऱ्हायला. मागं पाऊस, कुठनंतरी येष्टीचा हॉर्न, आन आमच्या हिचा आवाज. तुपातल्या पुरणपोळीगत आवाज हुता. हुता म्हणतोय मी.

तेच सांगतोय.

मागल्याच्या मागल्या दिवाळीनंतर हिच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहीर आले, म्हणले, "जीव वाचला, आवाज ऱ्हाणार न्हाय." मी म्हटलं, "वाचली न्हवं? मग झालं!" आन देवाशपथ, तवा तसंच वाटलं. खरं घरी आल्यावर कळतंय पावणं. ताटावर चमचा वाजवती ती आता. एकदा वाजला की या, लई वाजला की गप्प बसा. सगळं कळतंय मला. भांडण सुदिक हुतंय आमचं, ती चमच्यानं, मी तोंडानं, आन चमचाच जिकतोय. पर दुकानातनं आलो, चप्पल काढली, की आतनं यायचा न्हवं का आवाज, "आलासा?" ...त्यो येत न्हाय. मी दारातच जरा थांबतो अजून. सवय मोडत न्हाय.

आन आवाज जपून ठेवलाय कुटं? कुटंच न्हाय! मोबाईलवर व्हिडिओ बगावं तर त्यात हिचा पदर. निरोप बोलून पाठवायची ती पोराला, पोराचा त्यो फोनच पाण्याच्या टाकीत गेला. रील बगावं तर पोरं आपल्याच आवाजात ओरडत्यात, "जेवलासा काऽऽ" आन खाली ढोल! पिच्चर बगावा तर निर्मात्याच्या पोरांत हक्कावरनं भांडणं, म्हणून कुटं लागत न्हाय, आन आमच्याकडची सीडी त्याच सीनला अडकायची. म्हंजे अख्ख्या दुन्येत माझ्या बायकोचा आवाज कुटं शिल्लक, तर एका पिच्चरच्या पडेल दुसऱ्या भागात, हडळीच्या तोंडात! मी आवाज आवाज करत फिरलो, ह्यात माझं काय चुकलं, सांगा की!

अशात आमच्या सम्मेदचा, पोराचा, पुण्यासनं फोन. "पप्पा! निर्मात्याच्या पोरांचं भांडण मिटलं, हडळीचं बारसं पुन्हा निघालाय! डीव्हीडी, खास आवृत्ती, प्रिंट साफ केलीया, मी मागवलाय!" मी फोन ठेवला आन दुकानात खताच्या पोत्यावर बसून रडलो. गिऱ्हाईक म्हणतंय, "युरिया महागला काय?"

पार्सल आलं. लई देखणी पेटी, वर हडळ. उघडली, आन डोक्यात उजेड पडला की डीव्हीडी लावायची कशात? सम्मेद म्हणतोय, "लॅपटॉपला आता खाच नसती." टीव्हीचा दुकानदार म्हणतोय, "काका, आता कोण वापरतंय ते?" मी म्हटलं, "हडळ वापरती! हाय का सांग!" शेवटी प्लेयर कुटं मिळाला? शेजारच्या धोंडुबाईंकडं! वारलेल्या नवऱ्याच्या फोटूखाली चौरंग म्हणून ठेवलेला! त्या म्हणल्या, "न्हे बाबा, खरं ह्यास्नी खाली ठेवू कुटं?" मी घरनं चौरंग आणून दिला, मालकास्नी हार घातला, पाया पडलो, आन प्लेयर आणला. मग त्याच्या तीन रंगाच्या वायरी, आन आमच्या टीव्हीला नुसत्या चपट्या फटी! जुना डबा टीव्ही माळ्यावरनं मी काढला. कंबर धरली. धरू दे.

लावला पिच्चर. ही आत भाकरी थापाय लागलेली, मी तिला काय बोललो न्हाय. म्हटलं एकदम आवाज काढायचा. आला सीन. चिंच आली. धुकं... अगदी काच पुसल्यागत झक्क! बाळासो आले. हडळ वळली. मी आवाज वाढवला...

"सूर्यास्त होतो आहे, आपण भोजन केलंत का?"

कोण ही?? कुठली ही बाई?? बातम्या द्याय लागलीया व्हय? केस माझ्या बायकोचे आन आत भलतीच कोणतरी! आन फुडं म्हणती, "मरणाचं नंतर पाहू." अगं, पाहू काय पाहू! मला असं झालं, जणू हिला दुसऱ्यांदा ऑपरेशनला न्हेली.

म्हणून लावला फोन मुंबईला, डीव्हीडी काढणाऱ्या कंपनीत! म्हणून ते पोरगं स्वच्छ-स्वच्छ कराय लागलं, "सर, मूळ ध्वनी फार खराब होता, उच्चार ग्रामीण होते, म्हणून पुन्हा करून घेतले." मी म्हटलं, "ते उच्चार माझ्या बायकोचे हायत. तिला आता आवाज न्हाय. तेवढाच ऱ्हायलाय." आन मग मला बोलाय येईना. पयल्यांदाच असं झालं आयुष्यात. ते पोरगं मग एकदम बारीक आवाजात म्हणतंय, "काका..." सर न्हाय, काका! "काका, मूळ आवाज काढून टाकलेला न्हाय. दुसऱ्या ट्रॅकवर ठेवलाय. रिमोटवरचं ऑडिओचं बटन दाबा, येईल." बगा! 'नाही' सोडून 'न्हाय' म्हणाय लागलं, आपोआप आलं तोंडात! पोरगं निघालं आपल्याच गारगोटी गावचं. मग आदी सांगाय काय झालतं रं?

आन रिमोट? रिमोट कुटाय? पुन्हा धोंडुबाई. त्यांनी ट्रंक उघडली, मालकांच्या चष्म्याशेजारनं काढला, अजून प्लास्टिकात. "ह्यांनी कधी काढू दिलं न्हाय, घाण हुतंय म्हणून," म्हणल्या, आन आपल्याच हातानं प्लास्टिक फाडून दिलं. डोळं पुसलं, म्हणल्या, "जा, ऐकीव तिला." भिंतीवरच्या घड्याळातलं सेल काढून घातलं मी. घड्याळ काय, पळंल मागनं.

दाबलं बटन.

पाऊस. येष्टीचा हॉर्न. आन... "अवो मामा, दिवस मावळाय लागलाय, जेवलासा का?"

आतली भाकरी थापायची थांबली. ही आली बाहीर, हाताला पीठ तसंच. हुबी ऱ्हायली टीव्हीफुडं. मी पुन्हा मागं घिऊन लावलं. हिचं ओठ हलाय लागलं. आवाज टीव्हीतनं, ओठ हिचं, आन पावणं, एक कणभर इकडं-तिकडं न्हाय! माझी बायको बोलत हुती माझ्या घरात. मी ल्हान पोरागत रडलो, आन तिनं पिठाच्या हातानं माझं तोंड पुसलं, सगळा पांढरा झालो मी, भूतच दिसत हुतो.

झालं! तवापासनं रिमोट हिच्याकडं. कमरंलाच खोचलेला! सकाळी उठली की हडळ, दुपारी हडळ, पाव्हणा आला की हडळ. चमचा बंद झाला, खरं. टीव्हीवर चालतंय ते बरंय, माझं काय म्हणणं न्हाय. पर काल काय झालं, मी असाच बोलत हुतो की वो, दुकानाचं, गिऱ्हाईकाचं, आपलं साधं... तर हिनं कमरंचा रिमोट काढला, माझ्या तोंडावर धरला, आन आवाज बंद करायचं बटन दाबलं! माझ्यावर! आन हसतीय!

...ते बगा, आली दारात.

हाय हातात.

व्हय गं, दाबलंस, दिसलं मला... बसतो की गप्प.