पासचा आकडा

आचल : हे पाय, माह्या बोटाचं आलं एकशे चार. म्हंजे शुगरची मशीन बिघडली नाई. आता आन तुहं बोट.

रिंकू : मी सकाळीच लावलं ना, ताई. सत्त्याण्णव आलं. आईनं पाह्यलं.

आचल : आईनं आकडा पाह्यला. बोट कोनं पाह्यलं?

रिंकू : माहं बोट मीच पाहतो. आई तं धाब्यावर सगळ्याइले सांगते, माहा रिंकू आठ वर्साचा हाय, पन सोताले सुई सोताच टोचते. ट्रकवाले काकाही म्हने, शेर हाय पोट्टा.

आचल : हो, शेर. मंग शेर मशीन घेऊन गोठ्यामागं काऊन जाते?

रिंकू : तू पाहत राह्यली का दुखते.

आचल : परवा वर्ध्याले डॉक्टर मॅडम काय म्हने, ऐकलं का तू?

रिंकू : मी पंखा पाहून राह्यलो होतो. त्याचं एक पातं वाकडं होतं.

आचल : मॅडम म्हने, तीन महिन्याची टेस्ट सांगते का साखर रोज वरच राह्यली. अन् मशीन सांगते पोट्टा एकदम बराबर. दोघातलं कोनीतरी खोटं बोलून राह्यलं. त्याइले वाटलं मशीन. अन् ह्याच मशीनचे आकडे पाहून मांगं तुहं इन्सुलिन कमी केलतं ना त्याइनं?

रिंकू : केलतं. मले बरं वाटलं.

आचल : बरं वाटलं म्हने. रोज गुंडभर पानी पेते तू. काल मोरीत मुंग्या लागल्या, तू मुतून आल्यावर. मी गेली तं लागल्या नाईत, बाबा गेले तं लागल्या नाईत. मुंग्याइले टेस्ट करा लागत नाई, रिंकू.

रिंकू : मोरीत गूळ सांडला असन.

आचल : मोरीत कोन गूळ खाते बे? हात दाव. उलटा नाई, सुलटा. दहाही बोटं.

रिंकू : गुदगुल्या होतात.

आचल : होऊ दे. पाय, कसे गुळगुळीत. पह्यले तुह्या बोटाइवर काळे काळे ठिपके राहत, खसखस सांडल्यासारखे. आता एकही नाई. कुठं टोचते तू?

रिंकू : पायाच्या बोटाले.

आचल : दाव पाय.

रिंकू : धुतला नाई.

आचल : मी काय त्याची पूजा करून राह्यली? दाव म्हटलं ना.

अंकुश : रिंकू, ए रिंकू, चाल ना बे. दुपारचं लावाचं हाय ना? मले मंग पोहाले जाचं हाय.

आचल : ये, अंकुश. बस. काय लावाचं हाय दुपारचं?

अंकुश : काई नाई, ताई. चाक. सायकलचं.

आचल : सायकल तुह्या घरी, अन् चाक आमच्या घरी? हात दाव.

अंकुश : माहा? मले तं शुगर नाई, ताई.

आचल : म्हनूनच दाव. हे काय हाय?

अंकुश : काटे टोचले. बोरीचे.

आचल : बोरीचे. अन् बोरीनं बराबर बोटाच्या शेंड्यावरच टोचले, मांगं-पुढं कुठीच नाई.

अंकुश : रिंकू, सांगू का बे?

रिंकू : सांगतलंच तं तू, भोकन्या.

अंकुश : ताई, मी जबरदस्तीनं नाई करत. शाळेत बड्डेचं चाकलेट भेटते ना, ते रिंकू खात नाई, मले देते. मी बोट देतो. मले आवडते बी. कधी नव्वद येते, कधी एकशे दहा. आंब्याचा रस खाऊन आलो तं एकशे तीस आलतं. असं काऊन होते, ताई? रगताले कसं समजते का मी रस खाल्ला?

आचल : रगतातूनच जाते सगळीकडं, म्हनून समजते. तू थांब जरा. सुई एकच वापरली का दोघाइनं?

अंकुश : नाई, नवीन लावतो. रिंकू म्हने, एकाची सुई दुसऱ्याले लावाची नसते, मॅडमनं सांगतलं.

आचल : हे ऐकलं वाटते पंखा पाहता पाहता. रिंकू, वर पाय. किती दिवसाचं चालू हाय?

रिंकू : संत्र्याचा तोडा सुरू होता तवापासून.

आचल : अबे, माह्या हातून झापड खाशीन आता. त्याच्या रगताचा आकडा पाहून आई तुले इन्सुलिन देते. तो चांगला, तं तुहं कमी. तुले काई झालं असतं म्हंजे?

रिंकू : पाय, आता तू ओरडून राह्यली.

आचल : मंग आरती ओवाळू? बोल, काऊन केलं असं?

अंकुश : ताई, तो रडन.

आचल : रडू दे. बोल.

रिंकू : फेल व्हायचं नव्हतं मले.

आचल : कशात फेल? शाळेत तं तू बरा हाय.

रिंकू : ह्याच्यात. आकडा कमी आला का तूच म्हनते, पास. वर गेला का म्हनते, फेल झाला, बाबू. आईही तसंच म्हनते आता. तीन-चारदा लागून फेल आलो. तू नववीत फेल झाली तं शाळा सुटली तुही. बाबा म्हने, आता घरीच राह्य. मले घरी नाई राह्यचं.

आचल : मले शाळेतून कोनी काढलं नाई, रिंकू. सरनं सगळ्यासमोर माह्या पेपराचे मार्क वाचले, मी पेपर फाडला अन् निंघून आली. मंग गेलीच नाई. बाबानं दोनदा म्हटलं, जा. मीच नाई गेली.

रिंकू : फेलही झालती ना पन?

आचल : झालती. पन ते वेगळं, हे वेगळं. ते पास-फेल मी गमतीत म्हटलं. चुकलंच माहं.

रिंकू : मंग आकडा काय असते?

आचल : आता कसं सांगू? बरं, आई धाब्यावर भाकरी करते ना, तं पह्यले काय इचारते?

रिंकू : किती मानसं बसले.

आचल : दहा म्हटलं तं दहाच्या करते. तीस म्हटलं तं तीसच्या. तीस आले म्हनून मानसाइले फेल करते काय? आता वाढनाऱ्या पोऱ्यानं सांगतलं दहा, अन् बसले हाय तीस. मंग?

अंकुश : मंग भांडन.

रिंकू : मंग बाकीचे उपाशी.

आचल : तसंच. इन्सुलिन कमी पडलं का साखर रगतातच फिरत राह्यते, अंगाले भेटत नाई. तू खाते बी, वाळते बी. तुही चड्डी पाय, करदोड्यावर टिकली हाय.

अंकुश : हौ ना, काल खेळता खेळता सुटलती.

रिंकू : तू गप बे.

आचल : पोट दुखते का? ओकाऱ्या, मळमळ?

रिंकू : नाई. तहान लागते नुसती.

आचल : जा, साबन लावून हात धू. नीट पूस. अंकुश, तू घरी नोको जाऊ, बस इथंच. पन आज तुहं बोट खिशात ठेव.

रिंकू : धुतले. कोनतं बोट देऊ?

आचल : जे कमी दुखते ते. शेंड्याच्या बाजूले टोचतो, मंधात नाई. झालं. पिळू नोको लय, येते ते.

(मशीन वाजते.)

अंकुश : बापा.

रिंकू : किती आलं? मी नाई पाहत. ताई, सांग ना.

आचल : तीनशे एकेचाळीस. पानी पे. बसून पे. अंकुश, तो मोबाईल दे इकडं.

अंकुश : आईले लावते का?

आचल : पह्यले मॅडमले. इन्सुलिन किती द्याचं ते मी मनानं नाई ठरवत. हॅलो, मॅडम, रिंकूची बह्यन बोलून राह्यली, कारंज्याहून. हो, तोच. मशीन चांगली हाय, मॅडम, आकडे दुसऱ्या पोट्ट्याचे होते. नाई, घरात कोनी सांगतलं नाई, त्यानंच केलं, भेवून. आज खरा आला, तीनशे एकेचाळीस. नाई, ओकारी नाई, बोलून राह्यला चांगला. हो. हो, पह्यलेचा डोस, समजलं. दोन तासानं पुन्हा पाहतो. ओकारी झाली तं लगेच निंघतो. नाईतर उद्या घेऊन येतो. हो, रागावली होती, मॅडम. आता नाई.

रिंकू : मॅडम काय म्हने?

आचल : म्हने, त्याइले आता समजलं, म्हनून बरं वाटलं.

रिंकू : आईले कोन सांगन? ती धाब्यावर सगळ्याइले सांगून बसली.

आचल : तूच सांग. मी बाजूले उभी राहीन.

रिंकू : दोन तासानं तूच पकडशीन बोट?

आचल : पकडीन.

रिंकू : अन् पाचशे आलं तं?

आचल : तं पाचशे म्हनू.