मनगटाचा मणी

गप्पा हाकण्यात माझा हात कोणी धरत नाई. पण समुद्रपूरच्या यष्टीत पुढच्या शिटवरच्या सासूसुनेचं हे बोलणं जसंच्या तसं सांगून राह्यली.

"जागृती, तुह्या सासऱ्याच्या रक्तात शिसं कुठून आलं वं? काय म्हणे डॉक्टर?"

"आबा जुन्या बॅटऱ्यायचं शिसं वितळवून मच्छीच्या जाळ्याले बांधाच्या वजनाच्या गोळ्या ओततात ना, त्याच्या धुरानं."

"जनम गेला त्यायचा ओतण्यात. काई झालं का?"

"आतून होते, आई. पेशीतला डीएनए रोज कुठी ना कुठी तुटते, अन् पेशी त्याले सोताच सांधून घेते. शिसं गेलं का ते सांधणंच बिघडते."

"म्हंजे तुटलं ते तुटलंच?"

"बरंचसं. मंग कॅन्सरची भीती. अन् लहान लेकराले तर थोडंसंही वाईट, डोक्यावर जाते."

"ते ज्या कढईत शिसं वितळवतात, मी तर त्याच कढईत पुऱ्या तळतो."

"आई."

"राखेनं घासून घेतो ना वं."

"काऊन सांगतलं नाई मले?"

"त्यात काय सांगाचं? तुह्या छकुलीले नजर लागू नये म्हणून मनगटात मणी बांधला, तोबी त्यायनंच ओतला."

"तो करडा मणी? शिशाचा हाय?"

"मंग काय सोन्याचा?"

"आई, तिले दात येऊन राह्यले. आबाले फोन लावा. स्पीकर चालू करा."

"अवो, ऐकता का? छकुली कुठी हाय?"

"माह्या मांडीवर. लय रडत होती, मंग मणी देला तोंडात. आता पाह्य, कशी गपचूप चघळून राह्यली."