रेघ वर गेली पाहिजे!

...आणि वर विचारतात, ‘कसं वाटतंय?’ अहो, बायको जाऊन वर्ष झालं नाही, कसं वाटणार? पण तसं तोंडानं बोलायचं नाही, बोटानं दाखवायचं! तुम्हाला सांगतो, आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठच्या दवाखान्यात मन दुखतंय म्हणून गेलात की आधी हातात टॅब्लेट. त्यावर आडवी पट्टी... डावं टोक म्हणजे मेलात, उजवं म्हणजे मजेत, तुम्ही कुठं आहात तिथं बोट ठेवा! बोट जितकं उजवीकडे, तितका ठिपका वर; दर खेपेच्या ठिपक्यांची होते रेघ, आणि रेघ वर गेली पाहिजे!

मला तिथं ओढत नेलं मारितनं, माझ्या मुलीनं. ‘बाबा, तुम्ही उकडलेला बटाटासुद्धा खात नाही!’ नेलं इंगुनकडे. मानसोपचार करणारी, पण मारितहून लहान हो! मी टोर्डिसचं, म्हणजे माझ्या बायकोचं, काही सांगायला जावं तर हिची नजर पडद्यावर. एकदा माझं बोट जरा उजवीकडे घसरलं... सगळा जन्म फेरीबोटीच्या इंजिनापाशी गेला, हात थरथरतातच... तर हिचा चेहरा काय उजळला! ‘ओडवार, सुधारणा आहे!’ आता पोरीचं मन मोडायचं? पुढच्या खेपेला आणखी उजवीकडे. निघताना दुसरी पट्टी, ‘तुमचं नीट ऐकलं गेलं का?’ दहापैकी दहा! रेघ वर गेली पाहिजे ना!

आणि घरी? टोर्डिसच्या उशीला हात लागू नये म्हणून मी जमिनीवर झोपतोय. होडी देऊन टाकली. कुत्रा मारितकडे सोडला. कपाटं रिकामी केली. इंगुन म्हणते, ‘वा, घर आवरताय, छान!’ अहो, मी काय आवरत होतो ते माझं मला ठाऊक... पण रेघ? रेघ वर!

मग एक दिवस म्हणाली, ‘इतकी सुंदर रेघ! आता पुढची भेट शेवटची.’ अहो, माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस! टॅब्लेट ओढला आणि बोट नेलं पार डाव्या टोकाला. पडदा लालभडक!

‘चुकून लागलं का?’

‘नाही. हेच खरं.’

‘मग आधीचं?’

‘ते तुमच्यासाठी होतं.’

पांढरीफटक पडली बिचारी. मग सरळ विचारलं, ‘ओडवार, जीव द्यायचा विचार आहे?’ मी म्हटलं, ‘आहे.’ तिनं मारितला बोलावून घेतलं, ती येईपर्यंत जागची हलली नाही. म्हणाली, ‘माझं काय चुकलं ते सांगा.’ म्हटलं, ‘मी टोर्डिसचं नाव घेतो तेव्हा तुम्ही रेघ बघता.’ तिनं टॅब्लेट पालथा घातला. ‘बोला.’ काय बोललो आठवत नाही, रडलो एवढं खरं. निघताना ऐकण्याच्या पट्टीवर दहापैकी चार दिले. ‘चारच?’ म्हणाली, आणि हसली! पुढच्या खेपेला पहिला प्रश्न हाच, उरलेले सहा कुठं गेले?

हल्ली पलंगावर झोपतो. कुत्रा परत आलाय. रेघ वर जायला तयार नाही, मधोमध पडून असते. इंगुन म्हणते, असू दे. मीही म्हणतो, असू दे... टोर्डिस असती तर म्हणाली असती, ‘लग्नाच्या दिवशी तरी हा माणूस कुठं मधल्या खुणेच्या वर होता!’