रेकॉर्ड रूमला रंग चालू आहे

…आणि वर ते ठाण्यातले कारकून मलाच विचारतात, "नंबर आहे का?" आता बोला! अहो, माणूस तुमच्याकडे, कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि नंबर मी आणायचा? मी काय घरून निघताना डब्यात भरून आणणार होते का नंबर? हसा, हसा तुम्ही! पण तुमच्या घरचं कोणी असं आत गेलं ना… नको गं बाई, कोणाचंच जायला नको, माझ्या तोंडाला काही धरबंध नाही.

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझं घरीच शिवणकाम आहे, पुढच्या खोलीत मशीन. आणि माझे धाकटे दीर, भाऊजी, ते रंगारी. स्वभावाने इतके गरीब, इतके गरीब, की भिंतीवर पाल दिसली तर तिला हुसकणार नाहीत, तिच्या बाजूबाजूने रंग मारतील आणि ती हलेपर्यंत वाट बघतील. तर त्या दिवशी त्यांना एक हॉल रंगवायचं काम मिळालं. मालक बाहेरगावी. ठेकेदाराने फोनवर सांगितलं, "गल्लीत शिरलास की डाव्या हाताचं तिसरं घर, किल्ली पायपुसण्याखाली." आता आमचे भाऊजी गल्लीत शिरले ते दुसऱ्या टोकाने! डाव्या हाताचं तिसरं घर… आलं ना लक्षात? आणि नशीब बघा, तिथेही पायपुसण्याखाली किल्ली! माणसांना दुसरी जागाच सुचत नाही का हो किल्ली ठेवायला?

बरं, रंगारी घरात शिरल्यावर आधी काय करतो? सामान बाहेर काढतो. सोफा बाहेर, टीव्ही बाहेर, घड्याळ, मिक्सर, सगळं अंगणात, आणि तेही किती नीट, एकेक वस्तू चादरीत गुंडाळून! एक भिंत रंगवून झाली आणि मालकीणबाई दारात हजर. त्या बिचारीने काय पाहिलं? अख्खं घर गाठोडी बांधून अंगणात! तिने जी किंकाळी फोडली… शेजारी जमले, पोलीस आले. भाऊजी म्हणतात, "साहेब, मी रंगवतोय." पोलीस म्हणतात, "ठाण्यावर चल, तिथे काय ते रंगवून सांग!"

अकरा वाजता ठेकेदाराचा फोन. सासूबाई मटकन खालीच बसल्या. आणि त्यात ठेकेदार म्हणतो, "चारच्या आत गाठा हं, धरलेल्यांतले गाडीत मावतील तेवढे चारच्या गाडीने मोठ्या तुरुंगात नेतात." मोठा तुरुंग म्हणजे तीन तासांवर! तिथे एकदा गेलेला माणूस आठ-आठ दिवस भेटत नाही म्हणतात. सासूबाईंनी माझा हात धरला, म्हणाल्या, "त्याला अंधाराची भीती वाटते गं." चौतीस वर्षांचा मुलगा! पण मला हसू नाही आलं. कारण वाटते. मला माहीत आहे, त्यांच्या खोलीतला दिवा मीच मालवते, ते झोपल्यावर.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या यजमानांनी काय केलं? हे ना… खाकी कपडा दिसला की रस्ताच बदलतात. मला म्हणाले, "तू हो पुढे, मी इथून शोधतो, हल्ली सगळं ऑनलाइन असतं." आणि खरंच असतं हो! 'कैदी शोधा' म्हणून पानच आहे. नाव टाका, वडिलांचं नाव टाका, जन्मतारीख टाका. जन्मतारीख? सासूबाई म्हणाल्या, "थंडी होती, एवढं आठवतंय." त्या पानावर थंडीचा रकाना नाही! मग ह्यांनी अंदाजे एक तारीख ठोकून दिली, त्यानंतर 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' म्हणून वाकडीतिकडी अक्षरं आली, ती ह्यांना चार वेळा ओळखता आली नाहीत, म्हणजे ठाण्याचं सोडा, इथे घरातच ह्यांच्यावर संशय! आणि शेवटी काय उमटलं? 'माहिती उपलब्ध नाही. कृपया कैदी क्रमांक टाका.'

तोच तो नंबर!

मी ठाण्यावर पोचले तोवर साडेबारा. आवारात दोन खिडक्या, एक ठाण्याची, एक कोठडीची, मध्ये मोजून दहा पावलं. पहिल्या खिडकीत चष्मेवाला कारकून, तो मान वर न करता, "नंबर आहे का?" म्हटलं, "नाही हो, आज सकाळीच आणलंय त्यांना, रंगारी आहेत, अंगावर पांढरे ठिपके असतील." "आणलेला माणूस पलीकडे जातो. तिकडे विचारा." गेले पलीकडे. तिथला म्हणतो, "आमच्याकडे आलेला नाही. नंबर आहे का?" मी म्हटलं, "अहो, त्या खिडकीतून निघाला, ह्या खिडकीत पोचला नाही, मग मधल्या दहा पावलांत माणूस गेला कुठे?" तर म्हणतो, "ते नंबर असला की सांगता येईल." "नंबर मिळतो कुठे?" "रेकॉर्ड रूममध्ये, मागच्या बाजूला." चला, एकदाचं काहीतरी कळलं! मी निघणार, तर हा मागून ओरडतो, "पण बंद आहे! रंग चालू आहे!"

आता बोला!

तिथे बाकावर माझ्यासारखीच दहा-बारा माणसं. शेजारी एक आजोबा, मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेला स्वेटर. म्हणाले, "मुलासाठी आणलाय. आत गार असतं ना." मी विचारलं, "किती दिवस येताय?" म्हणाले, "आज नववा." "आणि काय सांगतात?" आजोबा हसले, म्हणाले, "नंबर आणा म्हणतात." नऊ दिवस हो! आणि आवाजात तक्रार नाही. मला त्या चष्मेवाल्यापेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आला. इतकं कसं कोणी निमूट होतं?

अडीचला ह्यांचा फोन. "सापडला! सापडला! नाव तेच, वडिलांचं नाव तेच!" माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "वाचा पुढे." वाचतात, "वय एकसष्ट, डोक्याला टक्कल, उजव्या दंडावर गुलाब गोंदलेला." मी म्हटलं, "अहो, तुमच्या पाठचा भाऊ ना तो? एकसष्टचा कसा होईल?" तर हे काय म्हणावेत? "काळजीने खचला असेल गं." अर्ध्या दिवसात सत्तावीस वर्षं खचला? आणि गुलाब? गुलाबही काळजीनेच उगवला का?

साडेतीन झाले. पावणेचार झाले. आणि आवारात ती निळी गाडी येऊन उभी राहिली, जाळीची. घर्रर्र करून इंजिन सुरू. सासूबाईंचा चेहरा समोर आला. गाडीत चढणारा एकेक माणूस बघितला, त्यांच्यात भाऊजी नाहीत. म्हणजे आधीच नेलं? की कुठे पडलेत आत मार खाऊन? नाही नाही ते मनात आलं. मग मात्र मी मागचापुढचा विचार केला नाही, तडक मागच्या बाजूला गेले, रेकॉर्ड रूमचं दार गाठलं आणि दोन्ही हातांनी बडवलं. म्हटलं, रंग असो की आग लागलेली असो, नंबर घेतल्याशिवाय हलणार नाही!

आतून आवाज आला, "दाराला हात लावू नका, ओलं आहे!"

हा आवाज! अहो, दहा वर्षं ऐकतेय मी हा आवाज, दर वर्षी माझ्या स्वयंपाकघराचं दार रंगवताना! कोपराने दार ढकललं. शिडीवर भाऊजी. हातात ब्रश, नाकाला पिवळा ठिपका. मला बघून म्हणतात, "वहिनी? तुम्ही इकडे कुठे?"

इकडे कुठे! मी तिथेच खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. खोटं कशाला सांगू, सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. भाऊजी घाबरून खाली उतरले, त्यांना माझे डोळे पुसायचे होते पण हाताला रंग, म्हणून नुसतेच समोर उभे. झालं होतं असं, की धरून आणलेल्याची नोंद ज्या वहीत करायची ती वही ह्या खोलीत, टेबलावर, चादरीखाली, आणि चादरीवर रंगाचे डबे. सरकारी रंगारी अर्ध्या भिंती टाकून पसार झालेला. हवालदाराने भाऊजींना इथे बसवलं, म्हणाला, "वही मोकळी झाली की तुझी नोंद करू." आणि भाऊजी भिंतीकडे बघत बसले. "काय तो रंगाचा हात वहिनी, ब्रशचे सगळे पट्टे दिसत होते. दहा मिनिटं तग धरला. मग नाही बघवलं." कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही! साहेब येऊन डोकावून गेले, त्यांना वाटलं सरकारी रंगारी परत आला, त्यांनी चहासुद्धा पाठवला! आणि ते कारकून दिवसभर लोकांना सांगतायत, रंग चालू आहे, रंग चालू आहे… अरे, ज्याला शोधतेय तोच रंगवतोय ना!

एवढ्यात साहेब आले. झाला प्रकार ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, "त्या बाईंचा फोन आला होता. ठेकेदाराने समजावलं त्यांना. तक्रार मागे घेतायत. भिंत आवडली म्हणे, बाकीच्या तीन कधी करणार विचारतायत." मी म्हटलं, "मग सोडा ना ह्यांना!" साहेब म्हणतात, "सोडतो हो, पण आत आल्याची नोंदच नाही. आत न आलेल्याला बाहेर कसा काढू?"

बस्स! मी उठले, डबे उचलून खाली ठेवले, चादर ओढली, वही उघडली. म्हटलं, "पेन द्या." आल्याची वेळ, सकाळी साडेदहा. सोडल्याची वेळ, दुपारी चार दहा. कारण, घर चुकले. साहेबांनी मुकाट्याने सही केली. अक्षर चांगलं आहे म्हणाले.

आणि तेव्हा माझं लक्ष गेलं. वही होती तारखेप्रमाणे! माझ्या मापांच्या वहीसारखी. मी तरी कुठे गिऱ्हाइकाला नंबर विचारते? कपडा कधी टाकला विचारते आणि पान उघडते. दारात बघते तर ते आजोबा उभे, माझ्या रडण्याच्या आवाजाने आलेले. म्हटलं, "आजोबा, मुलाला कधी नेलं?" त्यांनी विचारसुद्धा केला नाही. तारीख सांगितली, वार सांगितला, वेळ सांगितली, जेवायला बसला होता म्हणाले. पान उघडलं. सातवी ओळ. पलीकडच्याच कोठडीत होता हो तो, चौथ्या खोलीत! नऊ दिवस त्या माणसाने स्वेटर मांडीवर घेऊन घालवले, आणि मुलगा तीस पावलांवर! मागोमाग बाकावरची सगळी आली. नंबर एकालाही माहीत नव्हता. तारीख मात्र प्रत्येकाला तोंडपाठ. कशी विसरतील?

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बघा त्यांचं, तोवर मी ही शेवटची भिंत उरकतो." सुटलेला माणूस! दाराशी गाडी नाही, कुलूप नाही, आणि हा परत शिडीवर! मी घरी फोन केला, सासूबाईंना म्हटलं, "सापडले, सुखरूप आहेत, जरा कामात आहेत."

साडेपाचला शेवटची बाई गेली. मी वही मिटली, पदराने हात पुसले, भाऊजींना म्हटलं, आता चला बाबा. तेवढ्यात तो चष्मेवाला आला. दिवसभरात पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि अगदी अदबीने विचारतो, "बाई, उद्या किती वाजता येणार?"

आता काय बोलणार? म्हटलं, "अकराला. दोन झगे द्यायचेत, ते देऊन येते."